अडलेलं मांडूळ

माणदेशातल्या माणसाला मांडूळ काही नवं नाही. आमची जमीन मुरमाड, ओढ्याकाठी वाळूची, पाऊस कमी. असली भुसभुशीत जागा मांडुळाला मानवते. अंगानं हातभर ते दोन हात, तांबूस मातीच्या रंगाचं, गुळगुळीत. डोकं बोथट आणि शेपूटही तसंच बोथट. म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. सहा महिने एका तोंडानं चालतं आणि सहा महिने दुसऱ्या, असं आम्ही लहानपणी ऐकलं. तोंड त्याला एकच. डिवचलं की ते अंगाचं वेटोळं करून डोकं आत लपवतं आणि शेपूट वर काढून दाखवतं. शत्रूनं चावायचं तर शेपटीला चावावं, एवढीच त्याची युक्ती. त्याला विष नाही. बिळात शिरायचं, उंदराला विळखा घालून दाबायचं आणि गिळायचं, हा त्याचा धंदा. ज्याच्या बांधाला मांडूळ, त्याची ज्वारी उंदरांपासून थोडी तरी वाचते.

1972 च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर जायचो. मातीच्या पाट्या उचलायच्या आणि सुकडी खायची. खोदताना मांडूळ निघायचं. बायका खोऱ्यानं अलगद उचलून बाभळीखाली ठेवायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. एवढी उपासमार असताना कुणाच्या मनात आलं नाही की हे विकावं. विकणार कुणाला? त्याच साली देशात वन्यजीवांचा कायदा झाला, ते मला फार पुढं कळलं. आमच्याकडं तेव्हा मांडुळाला कायद्याची गरज नव्हती, कारण त्याला किंमत नव्हती.

किंमत आली ती गेल्या वीसेक वर्षांत. कुणी म्हणतं मांडूळ घरात ठेवलं की पैशाचा पाऊस पडतो, कुणी म्हणतं गुप्तधन दाखवतं, कुणी म्हणतं परदेशात औषधाला लागतं. भाव म्हणे वजनावर. काट्यावर ठेवून फोटो पाठवा, असा निरोप येतो. दुतोंडी दिसावं म्हणून शेपटीला डागण्या देऊन डोळे-तोंड काढणारी माणसंसुद्धा असतात. मांडूळ विकून माडी बांधलेला माणूस मी अजून बघितला नाही. मांडूळ घेऊन पकडलेले मात्र दर दोन-चार महिन्यांनी पेपरात दिसतात, तोंडाला फडकं बांधून उभे.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे ही गोष्ट आमच्याच घरात घडली.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ लवकर गेला, त्यामुळं पोरगं माझ्याच अंगाखांद्यावर वाढलं. मला तात्या म्हणतो. त्यानं दोन एकर डाळिंब लावलं होतं. पहिली दोन पिकं चांगली गेली, तिसऱ्या वर्षी तेल्या आला. फळावर तेलकट काळे डाग पडतात, मग फळ तडकतं. फवारण्या केल्या, झाडं छाटली, पण बाग गेली ती गेलीच. सोसायटीचं कर्ज होतं, औषधाच्या दुकानाची उधारी होती. त्यात 2018 च्या फेब्रुवारीत सूनबाई बाळंतपणाला अडली. रात्री दोन वाजता तिला तालुक्याला नेलं, तिथून पुढं जिल्ह्याला. सिझर करावं लागलं. बाळ-बाळंतीण वाचली. बिल ऐंशी हजारांच्या वर गेलं. गाय विकली तरी पुरलं नाही.

त्याच मे महिन्यात त्याला शेततळं मंजूर झालं. जेसीबी लागला. कडेची वाळू ओढताना एक मोठं मांडूळ निघालं. मी त्या वेळी आळंदीला होतो. जेसीबीवाल्यानंच त्याच्या कानात भाव घातला आणि एका माणसाचा फोन नंबर दिला. पोरानं मांडूळ उचललं आणि डाळिंबावर फवारायचं औषध कालवायच्या निळ्या ड्रममध्ये ठेवलं. वर जाळी, जाळीवर फरशी. ड्रम बागेतल्या पत्र्याच्या खोलीत, कुलपात.

फोनवरच्या माणसानं विचारलं, "वजन किती?" डाळिंबाचे क्रेट मोजायच्या काट्यावर नऊशे ग्रॅम भरलं. तो म्हणाला, "कमी आहे. दोन किलोच्या पुढं गेलं तर पार्टी वीस लाख देते. खायला घाल, थांब." पोरगं पिंजरा लावून उंदीर धरायला लागलं. पहिले दोन महिने मांडुळानं खाल्लं. काटा हजारावर गेला, अकराशेवर गेला. याला वाटलं, भाग्य भरतंय.

नंतर त्यानं खाणं सोडलं. तरी मागचं अंग फुगतच होतं. पोरगं खूष. न खाता जाड होतंय म्हणजे त्यात काहीतरी दैवी असणार, असं त्याला तो फोनवरचा माणूस सांगत होता. गणपतीच्या दिवसांत एके सकाळी ड्रमच्या तळाला दोन बारकी पिल्लं मरून पडलेली सापडली. नारिंगी रंगाची, अंगावर काळसर पट्टे. त्यानं ती बांधाला पुरली आणि कुणाला बोलला नाही.

घटस्थापनेच्या दोन दिवस आधी सूनबाई माझ्याकडं आली. कडेवर सात-आठ महिन्यांचं पोर. उंबऱ्यातच बसली आणि म्हणाली, "तात्या, एक सांगायचं हाय. ह्यास्नी सांगू नका मी सांगितलं म्हणून." तिनं ड्रमचं सगळं सांगितलं. तिला दोन महिन्यांपासून ठाऊक होतं. नवऱ्याच्या माघारी जाऊन ती पाण्याची वाटी बदलत होती. शेवटी म्हणाली, "ते फुगलंय ती चरबी न्हाई, तात्या. ते अडलंय. माझं कसं झालं हुतं, तसंच हाय ते. ते आंग आवळतंय, आवळतंय, आन काय भायेर येत न्हाई."

मी गेलो. पोरगं पहिल्यांदा चिडलं, मग रडलं. म्हणालं, "म्या कुणाचं चोरलं न्हाई, तात्या. माझ्या रानात घावलंय." मी काहीच बोललो नाही. मी ड्रमची फरशी काढली. आत कोंदट वास, खाली नुसतं प्लास्टिक, माती नाही की वाळू नाही. मांडूळ एका कडेला पडलं होतं. जन्मभर मी गाई-म्हशी सांभाळल्या. वासरू आडवं आलं की कोपरापर्यंत हात तेलानं माखून आत घातलाय, मेलेलं वासरू तुकडे करून काढताना डॉक्टरांच्या शेजारी कंदील धरून उभा राहिलोय. अडलेल्या जनावराचा चेहरा मला कळतो. सापाला चेहरा नसतो म्हणतात. पण त्याच्या मागच्या तिसऱ्या हिश्शात तीन-चार गाठी वरून दिसत होत्या, आणि हात लावल्यावर ते वेटोळंसुद्धा करत नव्हतं.

मी पोराला एवढंच म्हणालो, "हे आता कुणाला विकलं जायचं न्हाई. मेलं तर तुझ्या ड्रमात मरल. फोन करू का?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला धरत्याल." मी म्हणालो, "धरत्याल." त्याला खोटा धीर देण्यात अर्थ नव्हता. तो आत गेला, सूनबाईशी काय बोलला मला माहीत नाही. बाहेर आला आणि त्यानं स्वतःच तालुक्याच्या सर्पमित्राला फोन लावला. सर्पमित्रानं वनखात्याला कळवलं.

दुपारी वनपाल आले, वनरक्षक आले. पंचनामा झाला. मीही पंच म्हणून सही केली. पोरानं जबाब खरा दिला. मे महिन्यापासून ठेवलं, विकायचं होतं, हे सगळं सांगितलं. फोन नंबरही दिला. तो नंबर तोवर बंद झाला होता. मांडुळाला सरकारी भाषेत मुद्देमाल म्हणतात, हे मी त्या दिवशी शिकलो. मुद्देमाल आजारी असल्यामुळं तो आधी डॉक्टरकडं न्यायचा ठरला. वनपाल सज्जन होते. मला आणि पोराला बरोबर घेतलं.

जिल्ह्याच्या गावी कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवणारे एक डॉक्टर सापांवरही उपचार करायचे. त्यांनी पहिल्यांदा एक्स-रे काढला. काळ्या काचेवर मांडुळाचा कणा आणि शेकडो बरगड्या दिसल्या आणि त्यांच्या आत माशाच्या काट्यासारखी बारीक बारीक वेटोळी. डॉक्टर पेन्सिलीनं मोजत गेले. चार पिल्लं. मग सोनोग्राफी केली. कुठल्याच पिल्लाचं काळीज हलत नव्हतं. शिवाय न फळलेली दोन-तीन अंडी, घट्ट होऊन बसलेली.

डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं, कारण मी विचारत होतो. नाग, धामण अंडी घालतात. मांडूळ आणि घोणस पिल्लं देतात. अंडी पोटातच वाढतात आणि पिल्लं जिवंत बाहेर येतात. रानात मांडूळ उन्हाला येतं, वाळूत जातं, हवं तेवढं गरम होतं, हवं तेवढं गार होतं, हिंडतं. ड्रममध्ये हे काही नाही. अंग हालत नाही, स्नायू ढिले पडतात, ऊब मिळत नाही, भीतीनं जीव आवळलेला. मग विताना अडतं. दोन बाहेर पडली ती पडली, बाकीची आतच मेली. मी विचारलं, "पू झाला असंल तर पिळून काढता येईल का?" ते म्हणाले, "गाईचा पू वाहतो, सापाचा वाहत नाही. त्याचा खव्यासारखा घट्ट गोळा होतो. पिळून निघत नाही, नळीनं निघत नाही. कापूनच काढावा लागतो." इतकी वर्षं जनावरांत काढली, पण हे मला नवं होतं.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रभर मांडुळाला उबेत ठेवलं आणि कातडीखाली सलाईनचं पाणी दिलं. इंजेक्शन पुढच्या अर्ध्या अंगात द्यायचं, कारण सापाची मूत्रपिंडं मागं असतात आणि मागं दिलेलं औषध आधी तिकडं जातं, असं डॉक्टर म्हणाले. सापाचं रक्त आपल्यासारखं आतून गरम राहत नाही. अंग गार असलं की भूल उतरत नाही, औषध चढत नाही, जखम भरत नाही. म्हणून टेबलावर गरम गादी होती.

पोरगं बाहेर बाकावर बसलं. मला डॉक्टरांनी दाराशी उभं राहू दिलं.

सापाच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागं, अगदी पुढंच असतं. तोंड उघडलं की दिसतं. त्यात बारीक नळी घातली आणि भुलीचा वायू सुरू केला. मांडूळ उताणं केलं की सुलटं व्हायचं. पुन्हा उताणं केलं, पुन्हा सुलटं झालं. तिसऱ्या-चौथ्या वेळी ते तसंच राहिलं. म्हणजे भूल लागली. भूल लागली की साप स्वतः श्वास घ्यायचा थांबतो, म्हणून एक मुलगी शेवटपर्यंत रबरी पिशवी दाबून त्याला श्वास देत होती. काळजाजवळ एक यंत्र लावलं होतं, त्यातून सूं-सूं असा ठोका ऐकू येत होता. खोलीत तेवढाच आवाज.

मला वाटलं होतं पोट मधोमध चिरतील. तसं नसतं. सापाच्या पोटाखाली आडवे रुंद खवले असतात, त्यांच्यावर तो सरकतो. तिथं चीर दिली तर टाके जमिनीला घासून तुटतील. म्हणून बाजूनं, पोटाच्या खवल्यांच्या वरच्या बाजूला, बारक्या खवल्यांच्या दोन ओळींमधून चीर द्यायची. खवले कापायचे नाहीत, त्यांच्या मधली मऊ कातडी कापायची. दोन ठिकाणी बोटभर चिरा दिल्या. रक्त फार आलं नाही. आतली नळी वर आली, पारदर्शक, आणि तिच्यात गाठी दिसल्या. एक नळी निळसर काळी पडली होती. ती बांधून पूर्ण काढली. दुसरी चिरून आतली पिल्लं बाहेर घेतली आणि पुन्हा शिवली.

तबकात सगळं ठेवलं होतं. दोन पिल्लं वाळून दगडासारखी झालेली, दोन कुजायला लागलेली, आणि पिवळे घट्ट गोळे. डॉक्टरांनी तबक काट्यावर ठेवलं. एकशे नव्वद ग्रॅम.

मी बाहेर आलो तेव्हा पोरानं विचारलं, "काय निघालं?" मी त्याला आत बोलावलं आणि तबक दाखवलं. त्यानं काट्यावरचा आकडा वाचला. अकराशेतून नऊशे वजा केल्यावर जेवढं उरतं, जवळपास तेवढंच. त्यानं हिशेब केला हे मला त्याच्या डोळ्यांवरून कळलं. तो काही बोलला नाही. खाली जाऊन नळावर तोंड धुवून आला.

कातडी शिवायचीही एक पद्धत आहे. सापाची कातडी शिवताना कडा आत वळतात आणि खवल्याला खवला चिकटत नाही. म्हणून कडा मुद्दाम बाहेर उलटून टाके घालतात. वरून बघितलं तर घोंगडीला दशा काढल्यासारखं दिसतं. हे टाके आठ-दहा दिवसांत काढत नाहीत. सहा-आठ आठवडे ठेवतात, जमलं तर एक कात टाकून होईपर्यंत. जखम भरायला सापाला माणसापेक्षा फार वेळ लागतो.

भूल बंद केल्यावर तासाभरानं त्याची जीभ बाहेर आली. पहिल्यांदा नुसतं टोक, मग पूर्ण. ती मुलगी टाळी वाजवणार होती, पण डॉक्टरांनी डोळ्यांनी दाबलं. पोरगं काचेतून बघत होतं. मला म्हणालं, "हिला शुद्ध आली तवा डॉक्टरनी असंच भायेरनं बोलावलं हुतं मला." तो सूनबाईबद्दल बोलत होता.

मांडूळ वनखात्याच्या ताब्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहिलं. थंडीत दिव्याची ऊब, खाली वाळू. कार्तिकात त्यानं कात टाकली, टाक्यांपाशी थोडी अडकली ती भिजवून सोडवली. पौषात पहिला उंदीर खाल्ला. मी अधूनमधून फोन करून विचारायचो. डॉक्टर म्हणायचे, "एक बाजू शाबूत आहे. पुढं विणेल की नाही ते सांगता येत नाही, पण जगेल." उन्हाळ्याच्या तोंडाला कोर्टाची परवानगी घेऊन त्याला रानात सोडलं. कुठं ते आम्हाला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. ज्याला ठाऊक नाही त्याला मोहही होत नाही.

पोरावर केस झाली. जामीन झाला, पण तारखा चालूच आहेत. तारखेला वकिलाची फी, एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी बुडते. गावात दोन-चार जण मला म्हणाले, "तात्या, रातीत बांधावर नेऊन सोडून दिलं असतं तर पोरगं वाचलं असतं. घरचंच पोर फासावर कशाला दिलंस?" मी त्यांना सांगितलं, तसं सोडलं असतं तर चार दिवसांत ते पोटातल्या मढ्यांसकट मेलं असतं, आणि पोरगं जन्मभर त्या फोनची वाट बघत राहिलं असतं. काहींना पटलं, काहींना नाही. सूनबाईला कुणी दोष दिला नाही, कारण सांगितलं कुणी ते मी कुणालाच बोललो नाही. आता या लिहिण्यात येतंय, तेही तिला विचारून. ती म्हणाली, "लिवा. त्यात काय."

कर्ज अजून आहे. डाळिंब उपटून त्यानं शेततळ्याच्या पाण्यावर कांदा आणि ज्वारी धरली. दोन गाई घेतल्या, दूध डेअरीला जातं. हळूहळू फिटेल. निळं ड्रम त्यानं मधोमध कापलं आणि गाईंना पाणी पाजायला केलंय.

गेल्या वर्षी सुगीत मी त्याच्या रानात होतो. मोटारसायकलवरून एक अनोळखी माणूस आला. इकडचं तिकडचं बोलला, पाणी प्यायला. मग हळूच विचारलं, तुमच्या भागात दुतोंड्या निघतो म्हणे. पोरानं हातातला विळा खाली ठेवला. म्हणाला, "निघतो की. आमच्या बांधाला हाय. रातचं उंदरं खातोय, म्हणून तर ही कणसं दिसत्यात. पर त्याला अजून पोरं व्हायची हायती. तुमचं काय काम हाय त्याच्याकडं?"

माणूस गाडीला किक मारून गेला. पोरगं पुन्हा ओळीत वाकलं, मीही वाकलो. त्या दिवशी आमची चार ओळी ज्वारी काढून झाली.